आकडा सांगितलात, आता मोजमाप दाखवा

माझ्यासमोर कापूस विकल्याची एक पावती आहे. गेल्या हंगामातली, खासगी खरेदीची. तिच्यावर तारीख आहे, वजन आहे, भाव आहे, हमाली-तोलाई वजा जाऊन हाती आलेली रक्कम आहे. तो भाव कशावरून निघाला याबद्दल मात्र एक शब्द नाही. कापसात ओलावा किती निघाला, धागा कुठल्या प्रतीत धरला, रुईचा उतारा किती पडेल असा अंदाज बांधला, कवडी म्हणजे किडका, डागी कापूस दिसला म्हणून किती कापले, यातलं काहीच त्या कागदावर नाही. खरेदीदाराने गाडीतल्या कापसात हात घातला, मूठभर कापूस काढून बोटांनी ताणून पाहिला, मीटर खुपसला, त्यावरचा आकडा स्वतःशी वाचला आणि भाव बोलला. मीटरवर किती आलं, असं मी विचारलं. उत्तर आलं, "ताई, भाव सांगतला ना तुमाले, अजून काय पायजे?"

अजून बरंच पाहिजे. ते मागायला मी हे लिहिते आहे.

आमची शेती दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीला पाणी लागतं, पण ते खारं. त्यावर ओलीत होत नाही. पऱ्हाटी, तूर, मूग, सोयाबीन सगळं पावसाच्या भरवशावर आणि जमिनीत ओल राहिली तर रब्बीला हरभरा. इथल्या घरात मोठा पैसा वर्षातून एकदा येतो. तो येताना कुठल्या मापाने मोजला गेला हे कळणं ही आमच्यासाठी जगण्याची गोष्ट आहे.

माझं म्हणणं एकच आहे. बाजार, महसूल खातं, विमा कंपनी, मदतीचा निर्णय करणारी समिती, हे सगळे आम्हाला शेवटचा आकडा सांगतात आणि सगळं उघड केलं असं समजतात. इंग्रजीतलं 'डिस्क्लोज' हे क्रियापद आता आपल्याकडेही सर्रास ऐकू येतं, आणि तेही याच अर्थाने वापरलं जातं: निकाल कळवला की झालं. मला हे मान्य नाही. ज्याच्यावर निकालाचा परिणाम होणार आहे त्याला निकालापर्यंतची वाट तपासता आली पाहिजे. तोवर काहीही उघड झालेलं नसतं.

ही मागणी वऱ्हाडात नवी नाही. या प्रदेशाने देशाला उघड्या बाजाराचा धडा घालून दिला आहे, आणि आपल्याच लोकांना त्याची आठवण राहिलेली नाही याचं मला वाईट वाटतं.

वऱ्हाड 1853 साली इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि सगळ्यांची नजर इकडच्या काळ्या जमिनीवर आली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. खामगावला 1870 मध्ये फाटा आला, बडनेऱ्याहून अमरावतीला आला. अकोला, अमरावती, खामगाव, कारंजा या पेठांत कापसाच्या गाड्यांची रीघ लागू लागली. पेठा मोठ्या झाल्या, पण भाव ठरायचा तो रुमालाखाली. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर यायचे, हातांवर एक कापड टाकायचे आणि त्याच्या आत एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरवायचे. किती बोटं, कुठलं बोट, कुठल्या पेरावर दाब, याची ठरलेली खूण असायची. याला हत्ता म्हणत. ज्याचा कापूस तो शेतकरी शेजारीच उभा असायचा. त्याच्या मालाचा व्यवहार त्याच्या डोळ्यांदेखत व्हायचा आणि त्याला दिसायचं फक्त कापड. अडत्या शेतकऱ्याचा म्हणवायचा, पण आतल्या बोटांनी काय बोलणं झालं आणि बाहेर काय सांगितलं गेलं, हे पडताळायला शेतकऱ्याकडे काही साधन नव्हतं. वर कडता, धर्मादाय, नमुन्याचा कापूस अशा कपाती निराळ्याच.

हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटच्या हुकुमाने 1886 साली कारंजा इथे पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे. पुढे 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा आला. शेतमालाच्या बाजाराला शिस्त लावणारा देशातला हा पहिला कायदा समजला जातो. बाजाराची जागा ठरली, बाजार समिती आली, मापं तपासण्याची सोय झाली. 1928 साली शेतीच्या शाही आयोगाने आपला अहवाल दिला, तेव्हा नियंत्रित बाजार सगळीकडे व्हावेत असं सांगताना त्याने वऱ्हाडचा दाखला दिला.

त्या कायद्याचं मी कौतुक करते, पण पूर्ण नाही. तो मुळात शेतकऱ्यासाठी लिहिलेला नव्हता. गिरण्यांना स्वच्छ आणि एकसारखा कापूस हवा होता, व्यापार सुरळीत चालायला हवा होता. बाजार समितीत व्यापारी होते, नगरपालिकेची माणसं होती. कापूस पिकवणाऱ्याला तिथे खुर्ची नव्हती. त्यामुळे रुमाल निघाला तरी मोजण्याचं काम घेणाऱ्याच्याच हातात राहिलं. पुढे शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आले, महाराष्ट्रात 1963 चा बाजार समिती कायदा आला, उघड लिलाव हा नियम झाला. गुरांच्या बाजारात मात्र रुमालाखालची बोटं मी लहानपणी स्वतः पाहिली आहेत. बाबा बैलजोडी घ्यायला गेले की मला बरोबर न्यायचे. दलालाचा हात कापडाखाली गेला की बाबांचा चेहरा ताणला जायचा. तिथे निदान एक होतं, दोन हातांपैकी एक हात बाबांचाच असायचा.

आजच्या कापसाच्या व्यवहारात शेतकऱ्याचा हात कुठे आहे?

बरीच खरेदी आता गावातच होते. खेडा खरेदीवाले गाडी घेऊन दारात येतात, काटाही त्यांचाच असतो. कापूस घरात पडून राहिला तर अंगाला खाज सुटते, उंदीर लागतात, आग लागण्याची भीती असते, आणि वेचणीची मजुरी तर त्याच आठवड्यात चुकवायची असते. माणूस विकून मोकळा होतो. तिथे लिलाव नाही, दुसरा बोली लावणारा नाही. जिनिंगच्या दारात गाडी नेली तरी फार फरक पडत नाही. एकदा गाडी भरून, भाडं देऊन तिथे पोचलं की परत नेणं परवडत नाही, हे समोरच्यालाही माहीत असतं.

आता यात न दाखवलेल्या मोजमापाची किंमत किती, ते पाहा. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये आणि मध्यम धाग्याचा 7,710 रुपये. म्हणजे प्रत ठरवण्यातच 400 रुपयांचा फरक. भारतीय कापूस महामंडळ, ज्याला आम्ही सगळे सीसीआय म्हणतो, ते हा भाव 8 टक्के ओलाव्यासाठी देतं. त्यावर 12 टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्याला एक टक्का भाव कमी होतो, आणि 12 च्या वर गेलं की कापूस घेत नाहीत. लांब धाग्यात एका टक्क्याचे 81 रुपये झाले. मीटरवर 9 आले की 12, यात क्विंटलमागे 243 रुपये जातात. वीस क्विंटल कापूस असेल तर 4,860. एवढ्या पैशात आमच्याकडे हरभऱ्याच्या बियाण्याचा मोठा वाटा निघतो. सीसीआयच्या पद्धतीबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत. 'कपास किसान' अॅपवर नोंदणी आणि वेळ घेण्याची सक्ती झाली आणि ज्यांच्याकडे नीट चालणारा फोन नाही त्यांचे हाल झाले. तरीही एक गोष्ट तिथे आहे: नियम लिहिलेला आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर भांडता येतं. खासगी खरेदीत भांडायला नियमच समोर नसतो.

तीच गोष्ट उताऱ्याची. शंभर किलो कापसातून साधारण 33-34 किलो रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी. जिनिंगवाल्याचा सगळा हिशोब या उताऱ्यावर चालतो. रुई किलोला दीडशे आणि सरकी पस्तीस धरली, तर उताऱ्यातला एक टक्का म्हणजे क्विंटलमागे 115 रुपये. माझ्या कापसाचा उतारा 35 होता की 33, हे रुई काढल्यावर त्याला कळतं. मला कधीच कळत नाही. चांगलं बियाणं, वेळेवर वेचणी, कवडी वेगळी काढणं, फरदडीचा, म्हणजे हंगामानंतर राखलेल्या पऱ्हाटीचा, कापूस मिसळू न देणं, या कष्टांचं फळ उताऱ्यात आणि प्रतीत दिसतं, आणि ते दिसतं समोरच्याला. मग पुढच्या वर्षी शेतकऱ्याने कवडी कशासाठी निवडायची? वऱ्हाडातल्या कापसाची प्रत घसरली अशी ओरड दरवर्षी होते. ज्या शेतकऱ्याला स्वतःच्या मालाची प्रत लेखी कधी कळवलीच नाही, त्याच्याकडून ती सुधारण्याची अपेक्षा करणं अन्याय आहे.

व्यापाऱ्यांची बाजू मला माहीत नाही असं नाही. रुईचे भाव रोज हलतात. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं आणि आधी सप्टेंबर अखेरपर्यंत दिलेली सवलत पुढे डिसेंबर अखेरपर्यंत वाढवली. अशा एका निर्णयाने जिनिंगवाल्याचा अंदाजही कोलमडतो. काही शेतकरी वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारतात, खाली ओला कापूस दडवतात. हे खरं आहे आणि ते वाईटच आहे. पण याच कारणासाठी मोजमाप कागदावर यायला हवं. नाहीतर पाणी मारणाऱ्याच्या पापाची कपात सुकवून आणणाऱ्याच्याही माथी बसते. व्यापाऱ्याने आपला नफा सांगावा असं मी म्हणत नाही. त्याने कुणाला, किती भावाने रुई विकली, ती त्याची बाब. माझ्या मालाचं मोजमाप मात्र माझ्या मालाचा भाग आहे, आणि ते माझं आहे.

माझा पुतण्या अकोल्यात असतो, थोडेफार शेअर घेतो-विकतो. अगदी दोन-चार हजारांचा व्यवहार केला तरी ब्रोकरला त्याला चोवीस तासांत एक हिशोबपत्र पाठवावं लागतं. किती वाजता, कुठल्या भावाला सौदा झाला, दलाली किती, कर किती, सगळं वेगवेगळं लिहिलेलं. सेबीचा तसा नियमच आहे. त्याने ते मला फोनवर दाखवलं तेव्हा मी बराच वेळ पाहत राहिले. ज्या देशात दोन हजारांच्या शेअरवाल्याला हे मिळतं, त्या देशात दीड लाखाचा कापूस विकणाऱ्या बाईला चार आकड्यांची चिठ्ठी मिळू नये?

बाजार सोडून सरकारकडे वळते, कारण तिथला प्रश्न अधिक गंभीर आहे.

आपल्याकडे दरवर्षी खरिपाची पैसेवारी जाहीर होते. विदर्भात 30 सप्टेंबरला नजरअंदाज, 31 ऑक्टोबरला सुधारित आणि 31 डिसेंबरला अंतिम. पिकाचं प्रमाण उत्पन्न रुपया धरायचं आणि यंदाचं पीक त्याच्या किती पैसे आलं ते काढायचं. पन्नास पैशांच्या आत आलं तर गाव टंचाईचं, मग जमीन महसुलात सूट, परीक्षा शुल्कात माफी, कर्जवसुलीला थांबा अशा सवलती. पन्नासच्या वर गेलं तर काही नाही. जिल्ह्यातल्या शेकडो गावांचं वर्ष त्या एका आकड्यावर टांगलेलं असतं. वर्तमानपत्रात बातमी येते: तालुक्याची पैसेवारी इतकी. पण आमच्या गावात कुठल्या गटातलं पीक कापलं, काय वजन भरलं, कुठलं प्रमाण उत्पन्न धरलं, हे गावातल्या माणसाला विचारा. त्याला आकडा माहीत असतो, त्यामागचं शेत माहीत नसतं. गावपातळीवर समिती असते, तिच्यात सरपंच आणि शेतकरीही असतात. सही झालेला कागद मात्र गावाने पाहिलेला नसतो.

पीक विम्याचं तर आता सगळंच या कापणीवर येऊन ठेपलं आहे. खरीप 2023 पासून महाराष्ट्रात एक रुपयात विमा होता. 2025 च्या खरिपापासून तो बंद झाला, शेतकऱ्याला पुन्हा हप्ता भरणं आलं, आणि स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती हे भरपाईचे रस्ते काढून टाकले. उरला एकच रस्ता: महसूल मंडळात पीक कापणी प्रयोग करायचे आणि सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नापेक्षा कमी आलं तर भरपाई. म्हणजे माझ्या शेतात गुडघाभर पाणी उभं राहून सोयाबीन सडलं तरी त्याची दखल वेगळी घेतली जाणार नाही. मंडळातल्या मोजक्या शेतांमध्ये दोरी लावून जे कापलं, मळलं आणि तोललं, तेच माझं उत्पन्न समजायचं.

हिशोब साधा आहे, आकडे मी समजण्यापुरते धरते. उंबरठा उत्पन्न हेक्टरी 10 क्विंटल आणि प्रयोगात 8 आले, तर तूट 20 टक्के. विम्याची रक्कम 58,000 असेल तर हेक्टरी 11,600 रुपये मिळतील. तेच प्रयोगात 9 लिहिले गेले तर 5,800. वजनकाट्यावरचा एक आकडा इकडचा तिकडे झाला की मंडळातल्या प्रत्येक शेतकऱ्याचे निम्मे पैसे गेले. त्या दोरीच्या आत काय घडलं हे पाहण्याचा हक्क अशा वेळी फक्त त्या शेतमालकाचा कसा राहील? कापणी कुठल्या दिवशी, कुठल्या गटात आहे हे आदल्या दिवशी गावाला कळावं, हजर कोण होतं ते लिहिलं जावं, आणि वजन झालं की तो आकडा त्याच संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. सोयाबीनच्या बाबतीत उपग्रहावरून काढलेलं उत्पन्नही हिशोबात धरलं जातं. ते कसं काढतात हे तर गावात कुणीच सांगत नाही. आकाशातून केलेल्या मापाची फेरतपासणी शेतकऱ्याने कशी मागायची, हे लिहून देणं सरकारला अवघड नाही.

आणि एक गोष्ट, जी लिहिताना हात जड होतो. शेतकऱ्याने आत्महत्या केली की त्या घरी चौकशी येते. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कुठल्या बँकेचं, किती थकलं, वसुलीची नोटीस आली होती का, दारू पीत होता का, घरात भांडण होतं का. तेराव्याच्या आत बाईला हे सगळं परक्या माणसांसमोर सांगावं लागतं, घराची सगळी झाकपाक उघडी करावी लागते. पुढे जिल्ह्याची समिती बसते आणि प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. पात्र झालं तर एक लाखाची मदत, त्यातले काही हाती आणि बाकीचे ठेवीत. अपात्र झालं तर एक शब्द. आमच्या भागात अशी घरं आहेत जिथे त्या बाईला आजही सांगता येत नाही की आपलं प्रकरण नेमकं कशामुळे नाकारलं. तिच्याकडून सगळं विचारून घेतलं, तिला मात्र कारण दिलं नाही. माझा संताप रकमेवर नाही. ज्याच्याकडे काही उरलेलं नाही त्याने सगळं सांगायचं आणि ज्याच्या हातात निर्णय आहे त्याने काहीच सांगायचं नाही, ही रीत मला सहन होत नाही.

हे मी मागते ते मेहेरबानी म्हणून नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 लोक फारसं वाचत नाहीत, कारण सगळ्यांचं लक्ष अर्ज, दहा रुपयांचा शिक्का आणि अपील यांच्याकडे असतं. त्या कलमात अर्ज न करताच माहिती द्यायची जबाबदारी कार्यालयांवर टाकलेली आहे. त्यातल्या पोटकलम 1 च्या खंड (घ) मध्ये तर स्पष्ट आहे की प्रशासकीय निर्णयाचा ज्याच्यावर परिणाम होतो त्याला त्या निर्णयाची कारणं द्यायची. शेवटचा आकडा कळवून ही जबाबदारी संपत नाही. पैसेवारीला, विम्याच्या कापणीला, पात्र-अपात्र ठरवण्याला हे लागू होत नाही असं कुणी सांगावं. महाराष्ट्राने तर केंद्राच्या आधी, 2002 सालीच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर. अमरावतीत राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ आहे. कारणं आपणहून दिली गेली असती तर त्या खंडपीठापुढची किती अपिलं मुळात उभीच राहिली नसती.

आता नवीन अडचण आली आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातल्या कलम 8(1)(ञ) मध्ये बदल केला आणि तो नोव्हेंबर 2025 पासून लागू झाला. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा खासगीपणाचा विनाकारण भंग होतो, हे दाखवावं लागे. आता ती वैयक्तिक आहे एवढं म्हणणं पुरेसं आहे. सार्वजनिक हिताचा मुद्दा कायद्यात दुसरीकडे, कलम 8(2) मध्ये, शिल्लक आहे. पण तालुक्याच्या कार्यालयात तो किती लोक मांडू शकतील? उद्या कापणी प्रयोगाचा तक्ता मागितला तर त्यात शेतकऱ्याचं नाव आहे म्हणून तो नाकारला जाईल, अशी मला धास्ती आहे. नावं झाका, माझी हरकत नाही. गट क्रमांक, क्षेत्र, वजन आणि तारीख उघडी ठेवा. माणसाची अब्रू आणि धान्याचं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीच्या नावाने दुसरी झाकू नका.

संकेतस्थळावर टाकलं आहे, असं उत्तर मला नेहमी मिळतं. तिथे ते असतंही कधीकधी, एखाद्या लांबलचक तक्त्यात. पण आमच्याकडे उघड करण्याची याहून चांगली रीत पूर्वीपासून आहे, ती म्हणजे चारचौघांत मोठ्याने वाचणं. मी आमच्या गावातल्या बचत गटाची सचिव आहे. दर महिन्याच्या बैठकीत वही वाचली जाते. कुणाची बचत आली, कुणी कर्ज घेतलं, कशासाठी, व्याज किती जमा झालं, बँकेत किती आणि हातात किती. गटात लिहिता-वाचता न येणाऱ्या बाया आहेत, आणि चूक सगळ्यात आधी त्याच पकडतात. "माये, मागच्या बारीले त व्याज चाळीस सांगतलं होतं, आता पस्तीस काऊन?" असं एकीने विचारलं की वाचणं थांबतं आणि हिशोब पुन्हा होतो. कुणाला त्यात अपमान वाटत नाही. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोटकिराणा गावी 1994 साली मजुरांच्या हजेरीपटांचं असंच जाहीर वाचन झालं आणि त्यातून पुढे देशभराची माहिती अधिकाराची चळवळ वाढली. आपल्याकडे सातबाऱ्यांचं चावडी वाचन होतं. 2017 च्या कर्जमाफीत याद्यांचंही चावडी वाचन झालं. म्हणजे सरकारला वाट माहीत आहे.

चावडीवर कुणाच्या थकीत कर्जाचा आकडा वाचला जावा, असं मात्र मला मुळीच वाटत नाही. त्याने माणसं खचतात, हे या जिल्ह्यात सांगायची गरज नाही. वाचायचं ते मोजणाऱ्याचं काम.

बाजार समित्यांना माझी विनंती आहे की येत्या हंगामापासून कापसाच्या प्रत्येक पावतीवर ओलाव्याचा आकडा, धाग्याची प्रत, कवडीपोटी केलेली कपात आणि धरलेला उतारा, हे छापणं आपल्या हद्दीत सक्तीचं करावं. खेडा खरेदी करणाऱ्यालाही, परवाना त्यांच्याकडूनच घ्यावा लागत असेल तिथे. मीटर तर सगळ्यांकडे आहेत. त्याचा पडदा शेतकऱ्याकडे वळवायला पैसे लागत नाहीत. आणि पंधरा मिनिटं थांबून दुसऱ्या मीटरवर पडताळणी मागण्याचा हक्क विकणाऱ्याला असावा, त्यासाठी एक मीटर समितीने स्वतःचा ठेवावा.

पैसेवारीसाठी तर नवीन हुकुमाची वाटही पाहायची गरज नाही. नजरअंदाज पैसेवारी 30 सप्टेंबरला येते आणि लगेच 2 ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा असते. त्या सभेत तलाठ्यांनी गावाचा कागद वाचावा: कुठली पिकं धरली, किती उत्पन्न धरलं, कशावरून. लोकांना हरकत असेल तर तिथेच नोंदवावी, म्हणजे 31 ऑक्टोबरच्या सुधारित आकड्याआधी तिचा विचार होऊ शकेल. आमच्या ग्रामपंचायतीत मी हा विषय सभेच्या यादीत घ्यावा म्हणून लेखी अर्ज दिला आहे आणि त्यावर गटातल्या सगळ्या बायांच्या सह्या आणि अंगठे आहेत. दर्यापूर, अंजनगाव, भातकुली, अकोट, मूर्तिजापूर, जिथे कुठे हे वाचलं जाईल तिथल्या बचत गटांनी आणि शेतकऱ्यांनी असाच अर्ज आपापल्या ग्रामपंचायतीत द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.